अपडेट करू की नको? रिसीव्हर, स्ट्रीमर आणि डॅकच्या फर्मवेअरचं नेहमीचं दुखणं

रिसीव्हर म्हणजे टीव्ही-बॉक्सचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारं मशीन, स्ट्रीमर म्हणजे नेटवरून गाणी वाजवणारा डबा, डॅक म्हणजे डिजिटल आवाज ॲनालॉग करणारा डबा. आणि फर्मवेअर म्हणजे यांच्या आत बसलेला प्रोग्राम. आधी लक्षणं. अपडेट करण्यापूर्वी लोक ज्या तक्रारी घेऊन येतात त्या अशा:

- टीव्हीवर चित्र आहे, रिसीव्हरमधून आवाज नाही. किंवा आवाज मध्येच दोन सेकंद जातो आणि परत येतो.
- कालपर्यंत फोनच्या ॲपमध्ये दिसणारं मशीन आज सापडत नाही.
- गाण्यांची एखादी सेवा किंवा इंटरनेट रेडिओ अचानक बंद, बाकी सगळं ठीक.
- स्पीकरमधून सतत घूंऽऽ.
- डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ येतं आणि मशीन स्वतःच बंद होतं.
- काहीच तक्रार नाही. फक्त स्क्रीनवर ‘नवीन फर्मवेअर उपलब्ध’ आलंय आणि बोट शिवशिवतंय.

आणि अपडेट केल्यानंतरच्या या:

- टक्केवारी एका आकड्यावर अडकली, हलायला तयार नाही.
- दिवा नुसता लुकलुकतोय, रिमोटला दाद नाही.
- मशीन चालू होतं, पण आवाज पातळ लागतोय. सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) मुका.
- टीव्हीबरोबर रिसीव्हर आपोआप चालू व्हायचा, आता होत नाही.

पुण्यात ऑडिओ दुरुस्तीच्या टेबलावर पंधरा-सोळा वर्षं बसतोय. एकीकडे “अपडेट केलं आणि बिघडलं” म्हणणारे, दुसरीकडे “बिघडलंय, अपडेट टाकलं की होईल ना?” म्हणणारे. दोघांचाही खरा दोष बऱ्याचदा अपडेटमध्ये नसतोच. म्हणून मी ज्या क्रमाने बघतो तोच क्रम इथे देतो: फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, जिवावरचं शेवटी.

दोष सॉफ्टवेअरचा आहे तरी का?

फर्मवेअर म्हणजे मशीनच्या डिजिटल बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीत बसलेला प्रोग्राम. एचडीएमआयची बोलणी, नेटवर्क, डॉल्बी-डीटीएस (सिनेमाच्या अनेक चॅनलच्या आवाजाचे प्रकार) उलगडणं, डिस्प्ले, रिमोट हा त्याचा संसार. आउटपुट ट्रान्झिस्टर, रिले, ट्रान्सफॉर्मर, स्पीकरची वायर यांच्याशी त्याचा संबंध फार तर पहारेकऱ्याचा. ‘प्रोटेक्ट’ येतं तेव्हा पहारेकरी ओरडत असतो. त्याला बदलून चोर जात नाही. आधी मागे जाऊन स्पीकरच्या वायरचे केस एकमेकांना चिकटलेत का ते बघा. स्पीकर काढून मशीन चालू करा. तरीही ‘प्रोटेक्ट’ येत असेल तर आतलं काम आहे, अपडेटचा विषय तिथेच संपला.

सदाशिव पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक जुन्या धोतरात रिसीव्हर गुंडाळून रिक्षाने आले होते. स्पीकरमधून घूं येतं, पेनड्राइव्हवर नवीन फर्मवेअर आणलंय, तेवढं टाकून द्या. माझ्या टेबलावर मशीन अगदी गुणी बाळ. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची गोल वायर उपसली आणि घूं बंद. केबलवाल्याच्या वायरीची अर्थ वेगळी, घरातल्या प्लगची वेगळी. मधल्या फरकामुळे वायरीच्या जाळीतून थोडा करंट वाहत राहतो आणि तोच ५० हर्ट्झचा आवाज होऊन ऐकू येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. केबलच्या वायरीत एक छोटा आयसोलेटर बसवला, काम झालं. काही जण यावर प्लगची तिसरी, जाडी पिन मोडून टाकतात. घूं जातं खरं, पण उद्या आत काही सुटलं तर मशीनच्या पत्र्याला २३० व्होल्ट येतील. ते कुणीही करू नये.

घरी करायची चाचणी सोपी. जुना सीडी प्लेअर किंवा फोन साध्या लाल-पांढऱ्या वायरीने रिसीव्हरला जोडा आणि ‘प्युअर डायरेक्ट’ किंवा तशा नावाचा मोड लावा. त्या मोडमध्ये बहुतेक रिसीव्हर आवाज डिजिटल प्रक्रियेतून फिरवत नाहीत. तरीही तीच खरखर, तोच बंद चॅनल असेल तर दोष हार्डवेअरचा. आवाज स्वच्छ आला तर पुढे वाचा.

(एकाने जुन्या दोन चॅनलच्या ॲम्प्लिफायरचं फर्मवेअर कुठे मिळेल म्हणून विचारलं होतं. त्या मशीनमध्ये एकही प्रोसेसर नव्हता. मी म्हटलं, ज्याला फर्मवेअरच नाही असं मशीन तुमच्याकडे आहे, नशीबवान आहात.)

प्लग काढा, दहा मिनिटं हात लावू नका

रिमोटने बंद केलेलं मशीन बंद नसतं. स्टँडबायमध्ये नेटवर्कचा भाग जागा असतो, एचडीएमआयची चिपही टीव्हीच्या हाकेची वाट बघत असते. तिथे काही अडकलं असेल तर रिमोटने शंभर वेळा बंद-चालू करून सुटत नाही. भिंतीतला प्लगच काढायचा. रिसीव्हरचा, टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, तिघांचाही. दहा मिनिटांनी आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग बॉक्स या क्रमाने लावा, म्हणजे प्रत्येकाला पुढचा कोण आहे ते नव्याने ओळखता येतं. आवाज जाण्या-येण्याच्या आणि ‘टीव्हीबरोबर चालू होत नाही’ या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात.

या चाचणीचा दुसरा उपयोग कुणी सांगत नाही. मशीन आठ-दहा वर्षांचं असेल तर ही अपडेटची रंगीत तालीम आहे. स्टँडबायचा छोटा पॉवर सप्लाय वर्षानुवर्षं चोवीस तास चालू असतो आणि त्यातले कपॅसिटर हळूहळू सुकतात. चालू आहे तोवर चालतं. एकदा पूर्ण बंद झालं की परत उठायला लागणारा जोर त्यात उरलेला नसतो. अपडेटच्या शेवटी मशीन स्वतःला रीस्टार्ट करतं. तिथे ते उठलं नाही की मालक म्हणतो, अपडेटने मारलं. खरा मारेकरी दहा-वीस रुपयांचा कपॅसिटर. म्हणून जुनं मशीन प्लग काढून लावल्यावर उठायला कुरकुर करत असेल, दोन-तीनदा बटण दाबायला लागत असेल, तर अपडेट विसरा. आधी सप्लाय दुरुस्त करून घ्या.

वायर

दुसरी एचडीएमआय वायर लावून बघा. शेजाऱ्याची मागून आणा, पण बघा. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारं, ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं पोर्ट टीव्हीवर सहसा एकच असतं, वायर त्यातच हवी. घर रंगवताना टीव्ही उतरवला आणि परत लावताना वायर शेजारच्या भोकात गेली, हा प्रकार मी दर दिवाळीला बघतो. ४के चित्र आणि एचडीआर असेल तर जुनी पातळ वायर काठावर चालते. गरम झाली किंवा वाकली की आवाज तुटतो. आणि हे अगदी सॉफ्टवेअरचा दोष असावा तसं दिसतं, कारण कधी होतं, कधी होत नाही.

रत्नागिरी, मालवण, गोव्याकडून येणाऱ्या मशीनच्या मागच्या सॉकेटवर खाऱ्या हवेचा हिरवट थर असतो. मशीन बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. झुरळांची विष्ठाही तशीच पुसली जाते. पावसाळ्यात आत पाल शिरलेली मी तीनदा काढली आहे, पण ती पुसून जात नाही.

राऊटर आणि फोन

‘ॲपमध्ये मशीन दिसत नाही’ याचं औषध बहुतेक वेळा फोनमध्ये सापडतं. २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून आयफोनवर प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची वेगळी परवानगी लागते. नवा फोन घेतला, घाईत ‘नको’ दाबलं, की ॲपला घरातलं काहीच दिसत नाही. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तेच. फोन पाहुण्यांच्या वायफायवर आणि रिसीव्हर घरच्या वायफायवर असेल तरी तेच. पाहुण्यांचं जाळं घरातल्या जाळ्याशी मुद्दाम बोलू दिलेलं नसतं.

हे नसेल तर राऊटर बंद करून पाच मिनिटांनी लावा आणि रिसीव्हरला लॅनची वायर थेट जोडा. वायरीवर चालतं आणि वायफायवर चालत नाही, म्हणजे प्रश्न रिसीव्हरच्या बुद्धीचा नाही, घरातल्या भिंतींचा आहे. रिसीव्हरची तारीख-वेळही बघा. तारीख चुकीची असेल तर सेवेच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो जोडणीच नाकारतो.

आणि फोनवरचं ॲपच मागच्या आठवड्यात बदललं नाही ना? मे २०२४ मध्ये वायफाय स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने नवं ॲप आणलं तेव्हा झोपेच्या टायमरसारख्या साध्या सोयी त्यातून गायब होत्या आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. घरातले स्पीकर होते तेच होते. बदललं होतं ते फोनमधलं ॲप. तरी लोक स्पीकर रीसेट करत बसले.

टीव्हीने परस्पर काही केलंय का?

टीव्ही रात्री गुपचूप अपडेट होतात आणि उठल्यावर आवाजाचं सेटिंग मूळ जागी नेऊन ठेवतात. ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवर, म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर, गेलं की डॉल्बी बंद. ‘सीईसी’, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय, बंद झालं की टीव्हीबरोबर रिसीव्हर उठत नाही. (सीईसीला प्रत्येक कंपनीने आपलं बारशाचं नाव दिलंय, त्यामुळे मेनूत शोधायला वेळ लागतो.) मग रिसीव्हरला बोल लागतो. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत पाच मिनिटं घालवा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही डॉल्बीचं वेगळं बटण असतं, तेही बघा.

इथपर्यंत एक रुपया खर्च झालेला नाही आणि काही पुसलंही गेलेलं नाही. तक्रार अजून शिल्लक असेल तरच अपडेटचा विचार.

रिलीज नोट्स: माझी तक्रार यात लिहिली आहे का?

कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर प्रत्येक फर्मवेअरखाली चार ओळी असतात. त्या वाचल्याशिवाय मी कुणाचंही मशीन अपडेट करत नाही. तिथे तुमचं दुखणं नावानिशी लिहिलेलं असेल, उदाहरणार्थ ‘अमुक टीव्हीबरोबर ईएआरसीवर आवाज तुटत होता, तो दुरुस्त केला’, तर अपडेट करा. ‘स्थिरतेत सुधारणा’ एवढंच असेल आणि तुमचं मशीन आधीच स्थिर असेल, तर तुम्हाला त्यात मिळण्यासारखं काही नाही, गमावण्यासारखं आहे.

अपडेटमुळे भलं झाल्याची उदाहरणं आहेत. २०१५ च्या सुमारास घेतलेल्या कितीतरी रिसीव्हरना डीटीएस:एक्स हा प्रकार नंतर फर्मवेअरमधूनच मिळाला. पैसे न देता नवं मशीन घेतल्यासारखं झालं. एप्रिल २०२५ मध्ये एअरप्लेमधल्या (ॲपलच्या फोनवरून स्पीकरवर आवाज पाठवायची सोय) ‘एअरबोर्न’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटी बाहेर आल्या. त्याच वायफायवर असलेला माणूस एअरप्ले चालणाऱ्या स्पीकर-रिसीव्हरमध्ये घुसू शकत होता. ॲपलने आपल्याकडचा कोड सुधारला, पण दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये तो पोचायचा तर त्या कंपनीचं फर्मवेअरच हवं. मशीन सतत नेटवर्कवर असेल, त्यातही हॉटेलात किंवा क्लिनिकमध्ये जिथे वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो, तर ‘सुरक्षा’ हा शब्द दिसल्यावर मी टाळाटाळ करत नाही.

आता दुसरी बाजू. मार्च २०२५ मध्ये सॅमसंगच्या एचडब्ल्यू-क्यू९९०डी या महागड्या साउंडबारवर १०२०.७ क्रमांकाचं अपडेट उतरलं आणि अनेकांचे बार दगड होऊन बसले. ना आवाज, ना रिमोट, रीसेटचाही उपयोग नाही. आतलं बोर्डच दुरुस्तीला गेलं. ज्यांनी आपोआप अपडेटचं सेटिंग बंद ठेवलं होतं ते वाचले. म्हणून माझा शिरस्ता असा: आपोआप अपडेट बंद, आणि नवं फर्मवेअर आल्यावर तीन आठवडे थांबायचं. तेवढ्यात जगभरातल्या उतावळ्या लोकांकडून काय ते कळतं. सुरक्षेचं अपडेट असेल तर तीन दिवस.

तिसरी गोष्ट, काही दोष फर्मवेअरने सुटतच नाहीत. २०२० च्या अखेरीस डेनॉन, मरान्ट्झ आणि यामाहाच्या नव्या रिसीव्हरमधून एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेमच्या मशीनचं ४के १२० हर्ट्झचं चित्र नेलं की पडदा काळा पडायचा. लोक महिनोन्महिने अपडेटची वाट बघत बसले. दोष एचडीएमआयच्या चिपमध्येच होता. शेवटी डेनॉन-मरान्ट्झने बाहेरून लावायचा अडॅप्टर दिला आणि यामाहाने बोर्ड बदलून देण्याची सोय केली. ‘पुढच्या अपडेटमध्ये होईल’ या आशेवर वॉरंटी संपू देऊ नका.

जुन्या मशीनवर एखादी सेवा बंद झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अपडेट असलंच तर करावंच लागतं, कारण बदल सेवेकडे झालेला असतो आणि जुना प्रोग्राम तिची नवी भाषा बोलत नाही. अपडेट नसेल तर एक छोटा बाहेरचा स्ट्रीमर घ्या आणि रिसीव्हरच्या ऑक्स किंवा ऑप्टिकल सॉकेटला लावा. चांगला ॲम्प्लिफायर नेटवर्कच्या भागापेक्षा दुप्पट-तिप्पट जगतो. एका सेवेसाठी तो भंगारात घालू नका.

डॅकचं थोडक्यात. गाणं बदलताना होणारी ‘टक्’ बऱ्याचदा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) बदलताना होते. आधी विंडोजचा ड्रायव्हर नवीन टाका, यूएसबी हबमधून न लावता थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. फर्मवेअर त्यानंतर, आणि तेही अगदी तुमच्या मॉडेलचंच. एकाच चिपचे दोन डॅक म्हणून याची फाईल त्याला चालेल असं नाही.

करायचंच ठरलं तर

आताच्या व्हर्जनचा आकडा आणि सगळ्या सेटिंगच्या पानांचे फोटो फोनवर काढून ठेवा: स्पीकरचं अंतर, लेव्हल, क्रॉसओव्हर (कुठल्या हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे जायचा), इनपुटची नावं. काही मॉडेलमध्ये सेटिंग पेनड्राइव्हवर किंवा ब्राउझरमधून साठवता येतात, तर साठवा. माइक लावून केलेली खोलीची मोजणी गेली तर पुन्हा करायला अर्धा तास आणि घरातल्यांची शांतता लागते. दोन्ही मिळणं कठीण.

वीज. आमच्याकडे महावितरणची देखभाल गुरुवारी असते, म्हणून गुरुवारी अपडेट नाही. वादळी पावसाच्या संध्याकाळी नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं छोटं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला जो क्षण लागतो त्यात पंखा फिरत राहतो, पण रिसीव्हर रीस्टार्ट होतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावणार असाल तर आधी त्याच्यावर रिसीव्हर दोन-चारदा चालू-बंद करून बघा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं मशीन सुरू होताना झटक्यात जोरदार करंट ओढतं आणि छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो.

त्या रात्रीपुरती तरी लॅनची वायर लावा. पेनड्राइव्हने करणार असाल तर ३२ जीबी किंवा त्याहून लहान, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला, रिकामा. झिप फाईल उघडून आतली मूळ फाईल सर्वांत बाहेर ठेवायची, कुठल्या फोल्डरमध्ये नाही, आणि तिचं नाव बदलायचं नाही. मशीन नावावरूनच फाईल शोधतं. मॅकवरून कॉपी केली तर सोबत ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाईली येतात आणि काही मशीन त्यांनाच फर्मवेअर समजून गोंधळतात. विंडोजवरून कॉपी करा.

मशीन दुबईहून किंवा अमेरिकेहून आणलेलं असेल तर मागच्या पट्टीवरचं पूर्ण मॉडेल नाव शेवटच्या अक्षरांसकट वाचा आणि त्याच प्रदेशाची फाईल घ्या. कुणीतरी ड्राइव्हवर टाकलेली फाईल घेऊ नका.

अडकलं तर

काही करू नका. खरंच. चहा करा.

फ्लॅश मेमरीवर नवीन लिहिण्याआधी तिथला ठोकळा पुसावा लागतो. म्हणजे मधल्या काळात जुना प्रोग्राम अर्धा गेलेला असतो आणि नवा अर्धाच आलेला. डाऊनलोड चालू असताना प्लग निघाला तर सहसा काही बिघडत नाही. लिहिणं चालू असताना निघाला तर मशीन अर्धवट राहतं. बाहेरून या दोन टक्केवाऱ्या सारख्याच दिसतात. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ बघा आणि त्यावर दोन तास द्या. मी माझ्या टेबलावरही तेवढेच देतो. मधल्या आकड्यावर अर्धा तास थांबून मग सुरळीत पुढे गेलेली मशीन मी पाहिली आहेत.

दोन तासांनी प्लग काढा, दहा मिनिटांनी लावा. काही मशीन प्रोग्रामच्या दोन प्रती ठेवतात, ती जुन्या प्रतीवर उठतात. नाही उठलं तर मॅन्युअलमधली यूएसबीची पद्धत: पेनड्राइव्ह लावून, पुढची ठराविक दोन बटणं दाबून धरून मशीन चालू करायचं. याला आशा असते, कारण मशीनला जागं करणारा छोटासा प्रोग्राम, बूटलोडर, वेगळ्या जागी असतो आणि अपडेटमध्ये सहसा त्याला हात लागत नाही. दिवा लुकलुकतोय म्हणजे बहुधा तो जिवंत आहे.

साताऱ्याचा एक रिसीव्हर असाच आला होता. लिहिणं चालू असताना लाईट गेली. मालकाने तीन पेनड्राइव्ह वापरून बघितले होते, ६४ आणि १२८ जीबीचे, झकास, नवेकोरे, आणि तिन्ही फॅट-३२ ऐवजी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले. मशीनला ते दिसतच नव्हते. मी त्यांना विचारलं, घरात जुना काही आहे का? मुलीच्या लग्नाचे फोटो दिलेला ४ जीबीचा पेनड्राइव्ह निघाला, वर गणपतीचं चित्र. फोटो कॉम्प्युटरवर घेतले, फॉरमॅट केला, फाईल टाकली. दोन बटणं धरली. डिस्प्लेवर आधी एक ठिपका, मग एक आडवी रेघ, मग आकडे हलायला लागले. वीस मिनिटांत मशीन उठलं. मी त्यांच्याकडून वेळेचे पैसे घेतले, सुट्या भागाचे काहीच झाले नाहीत.

फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी. लोक तो पहिल्यांदा करतात. ९ मार्च २०२५ ला गूगलचे फोनवरून टीव्हीवर किंवा स्पीकरवर गाणी-चित्र पाठवणारे छोटे डबे, दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ, एकाएकी बंद पडले. आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने लोकांना सांगितलं, रीसेट करू नका. ज्यांनी आधीच केला होता त्यांना परत सेटअपच करता येईना. बाकीच्यांचे क्रोमकास्ट काही दिवसांत आलेल्या दुरुस्तीने आपोआप चालू झाले. माझ्याकडे तेव्हा क्रोमकास्ट ऑडिओ घेऊन दोघे आले होते. एकाला मी परत पाठवलं, “ॲम्प्लिफायरमागे लावा आणि आठवडाभर बघू नका.” दुसऱ्याने येण्याआधीच रीसेट मारला होता.

अपडेट झालं, पण आवाज बदलला

‘नव्या फर्मवेअरचा आवाज पातळ आहे’ यावर वाद घालण्याआधी मघाचे फोटो उघडा. अपडेटनंतर सेटिंग मूळ जागी गेले असतील तर स्पीकर ‘लार्ज’ आणि सबवूफर ‘नाही’ असं दिसू शकतं. तसं असेल तर सगळा खर्ज त्या बिचाऱ्या छोट्या स्पीकरकडे जातोय. क्रॉसओव्हर परत ८० हर्ट्झला लावा, सबवूफर चालू करा, लेव्हल जुळवा. एखाद-दुसऱ्या डेसिबलने आवाज मोठा असला तरी कानाला तो ‘जास्त चांगला’ वाटतो, तेव्हा तुलना करायची तर आवाज सारखा ठेवून करा. एवढं करूनही फरक ऐकू येत असेल तर तुमचं ऐकेन. मागच्या व्हर्जनवर जाण्याचा हट्ट मात्र धरू नका. बऱ्याच कंपन्या ती वाट बंद ठेवतात आणि जबरदस्ती केली तर मशीन अर्ध्यात अडकतं.

इथे थांबा

यूएसबीची पद्धत दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर दोनदा फसली, की थांबा. जळका वास, फ्यूज उडणं, रिलेची सारखी टिकटिक, किंवा स्टँडबायचा दिवाही नाही: ताबडतोब थांबा, प्लग काढा. वॉरंटी असेल तर एकही स्क्रू फिरवू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या, माझ्याकडेही आणू नका.

झाकण उघडायचा मोह होतो, मला माहीत आहे. छोट्या स्टँडबाय सप्लायमध्ये २३० व्होल्टचे सरळ करून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही भार राहतो. व्हिडिओत बघून चिमटा लावून फ्लॅशची चिप वाचणारे, लिहिणारेही आहेत. त्यासाठी मिळणाऱ्या स्वस्त काळ्या प्रोग्रामरची एक खोड अशी की ३.३ व्होल्टच्या चिपला तो डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतो. आधी अर्धा प्रोग्राम गेला होता, आता चिपही गेली, आणि त्या चिपमध्ये मशीनचा सिरीयल नंबर आणि नेटवर्कचा पत्ता होता तो कुठून आणणार? हे काम कुणाला दिलंत तर एवढंच सांगा: काही लिहिण्याआधी आहे ते वाचून एक प्रत ठेवा. जो कारागीर यावर मान डोलावतो त्याच्याकडे मशीन ठेवा. जो “त्याची गरज नाही” म्हणतो त्याच्याकडून उचला.

‘बोर्ड बदलावं लागेल’ असं उत्तर आलं तर स्टँडबाय सप्लायची व्होल्टेज मोजली का, हे विचारा. मघाशी सांगितलेला सुकलेला कपॅसिटर बोर्डाच्या नावावर बदलला जाताना मी पाहिलंय, आणि बिल बोर्डाचं लागतं.

मशीन दुरुस्तीला आणताना व्हर्जनचा फोटो, कुठल्या टक्क्यावर काय झालं त्याची दोन ओळींची नोंद आणि वापरलेला पेनड्राइव्ह आहे तसा आणा. स्पीकर नकोत. रिमोट मात्र आणा. अर्धी मशीन रिमोटशिवाय मेनूच उघडत नाहीत, आणि मग तुम्हाला कोथरूडहून परत एक फेरी पडते.